नगररचनाकार व्हायचंय? पुण्यातून सुरुवात कशी करायची

पुण्यातले तीन पत्ते घ्या. शिवाजीनगर किंवा प्रभात रोडच्या भागातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, ‘फायनल प्लॉट नंबर अमुक’. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या कागदावर असतो ‘सिटी सर्व्हे नंबर’. आणि धायरी, आंबेगाव किंवा वाघोलीकडे गेलात तर ‘सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर’. पोस्टमनला तिन्ही सारखेच, पण नगररचनेच्या विद्यार्थ्याला हे तीन पत्ते म्हणजे शहर वाढण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या ठिकाणी आधी नगररचना योजना झाली: शेतजमिनींचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून, उरलेली जमीन मूळ मालकांना नव्या आकारात परत दिली. तो परत मिळालेला तुकडा म्हणजे फायनल प्लॉट. दुसऱ्या ठिकाणी वस्ती आधीच होती, मोजणी नंतर झाली. तिसऱ्या ठिकाणी शेताचा नंबर तसाच राहिला आणि त्यावर इमारती उभ्या राहिल्या. म्हणूनच तिथले रस्ते अजूनही बांधांच्या रेषेत वळतात.

हे वाचून तुम्हाला घरातला जुना खरेदीखताचा कागद काढून बघावासा वाटला, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

‘प्लॅनिंग करते’ असं सांगितलं की नातेवाईक हमखास विचारतात, “म्हणजे आर्किटेक्टच ना?” नाही. आर्किटेक्ट एका भूखंडावरच्या इमारतीचा विचार करतो. नगररचनाकार अनेक भूखंडांमधल्या संबंधांचा विचार करतो: कुठे घरं असावीत, कुठे कारखाने नसावेत, शाळेसाठी जागा कोणाच्या जमिनीतून येणार, पाणी कुठून येणार, वीस वर्षांनी इथे किती माणसं असतील. यात चित्रकला थोडी आहे. आकडेमोड, कायदा, अर्थशास्त्र आणि माणसांशी बोलणं पुष्कळ आहे. ज्यांना फक्त सुंदर इमारती काढायच्या आहेत त्यांनी आर्किटेक्चरला जावं, तिथे ते जास्त रमतील.

प्रवेश: दोन दारं

पहिलं दार बारावीनंतरचं. नियोजनाची पदवी चार वर्षांची असते. देशपातळीवर त्यासाठी जेईई मेनचा पेपर २बी असतो. त्यात गणित, अभियोग्यता आणि नियोजनावरचे प्रश्न येतात. इथे एक गोष्ट अनेकांना माहीतच नसते: या पेपरसाठी बारावीला गणित लागतं, भौतिक-रसायन सक्तीचं नाही. त्यामुळे गणित घेतलेल्या कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांनीही हा रस्ता आधीच बंद समजू नये. मात्र प्रत्येक संस्थेच्या अटी थोड्या वेगळ्या असतात आणि त्या बदलतातही. म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

पुण्यात हे शिकायचं तर पहिलं नाव येतं ते सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचं. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, आणि तिथे नियोजनाचं पदवी आणि पदव्युत्तर असं दोन्ही शिक्षण मिळतं. पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथली नियोजन व वास्तुकला विद्यालयं, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पदव्युत्तर शिक्षणासाठी नागपूरचं व्हीएनआयटी आणि खरगपूर, रुरकीच्या आयआयटी, एवढी नावं यादीत ठेवा.

दुसरं दार पदवीनंतरचं, आणि या क्षेत्रातली पुष्कळ माणसं याच दारातून आलेली आहेत. स्थापत्य अभियांत्रिकी किंवा आर्किटेक्चर झालेल्यांना दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाता येतं. बऱ्याच ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांतल्या पदव्युत्तर पदवीधरांनाही प्रवेश असतो. यासाठी बहुतेक ठिकाणी गेट ही प्रवेश परीक्षा लागते. तिचा ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ हा पेपर द्यायचा. त्यात एक भाग सगळ्यांना समान असतो आणि दुसऱ्या भागात आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांतला एक निवडता येतो.

कोणतं दार चांगलं, असं मला दर जून महिन्यात विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. शहराबद्दल कुतूहल पक्कं असेल तर बारावीनंतरच या, चार वर्षं मिळतात आणि या विषयाला ती लागतात. पण भूगोल किंवा अर्थशास्त्र शिकलेल्यांनी ‘आपण उशिरा आलो’ असं मुळीच वाटून घेऊ नये. या क्षेत्रात अभियंते भरपूर आहेत. लोकसंख्येचा तक्ता बघून ‘या गावातून बायका कामाला कुठे जातात?’ असं विचारणारे कमी आहेत.

पहिल्या वर्षी हे शिकून घ्या

स्टुडिओ हा या अभ्यासक्रमाचा कणा. एखादं गाव किंवा प्रभाग देतात, गट करून सर्वेक्षण करायचं, नकाशे काढायचे, प्रस्ताव मांडायचा आणि ज्युरीसमोर उभं राहायचं. रात्री जागाव्या लागतात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते वर्गात गेल्यावर कळतंच.

सॉफ्टवेअरमध्ये क्यूजीआयएसपासून, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरपासून, सुरुवात करा. ते मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात इस्रोच्या ‘भुवन’वरची उपग्रह छायाचित्रं जोडून आपल्या पेठेचा किंवा गावाचा नकाशा स्वतः काढून बघा. ऑटोकॅड नंतर येतंच. आणि एक्सेलला कमी लेखू नका, लोकसंख्येचे अंदाज त्यातच बसतात. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांच्या वर होती. या दोन आकड्यांवरून आजचा अंदाज तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढा आणि तिन्ही उत्तरं किती वेगळी येतात ते बघा. पाण्याची टाकी किती मोठी बांधायची, ते यातल्या एका उत्तरावर ठरणार असतं.

पण सगळ्यांत दुर्लक्षित कौशल्य सांगते: मराठी कागद वाचता येणं. इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुलं इथे अडतात. पाठ्यपुस्तकात ‘लँड यूज’ असतो, पण राजपत्रात ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ असतो. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, तिथे ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ होतो. टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरता येणं, तिथे ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ होतो. शिवाय सातबारा, फेरफार, गावठाण, गायरान, गुंठेवारी, पोटखराबा, वहिवाट हे शब्द नुसते पाठ करून भागत नाहीत, त्यांच्या मागे कोणाचा हक्क आहे ते कळावं लागतं. गायरान म्हणजे ‘सरकारी रिकामी जमीन’ असं समजून प्रस्ताव काढणाऱ्या विद्यार्थ्यांना मी गावात घेऊन जाते आणि तिथे गुरं कोणाची चरतात ते विचारायला लावते. सातबारा ऑनलाइन मिळतो. आपल्या गावच्या जमिनीचा काढा आणि घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसून ओळीनं ओळ समजून घ्या. आजोबांना जे माहीत असतं, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं.

कायदा: एकच, पण नीट

महाराष्ट्रात काम करायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा उशाशी ठेवायचा कायदा. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. नगररचनेचा कायदा आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी आला. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला पहिला, आणि वर सांगितलेले फायनल प्लॉट त्याच परंपरेतून आले.

शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा विकास आराखडा एमआरटीपीत कसा होतो, त्याचा क्रम समजून घ्या. कलम २३ खाली नियोजन प्राधिकरण आराखडा करण्याचा इरादा जाहीर करतं. कलम २५ खाली सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांना ठरावीक मुदतीत हरकती व सूचना देता येतात. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. शेवटी कलम ३१ खाली शासन मंजुरी देतं. कागदावर हे पाच टप्पे आहेत, प्रत्यक्षात त्यांना वर्षं लागतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा १९८७ चा आराखडा घ्या: त्यानंतरचा प्रारूप २०१३ मध्ये लोकांसमोर आला, त्यावर ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, आणि मंजुरी मिळाली २०१७ च्या जानेवारीत. म्हणजे १९८७ मध्ये जन्मलेलं मूल तोवर तिशीला आलं होतं.

या काळात ज्याच्या जमिनीवर शाळेचं किंवा बागेचं आरक्षण पडलं, त्याचं काय होतं? हा प्रश्न आला की कलम १२७ वाचा. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या मुदतीतही काही झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. एका बाजूला अडकलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला मैदान गमावणारी वस्ती. दोघांचंही म्हणणं खरं असतं. या कलमावर वर्गात वाद घाला, दोन्ही बाजूंनी घाला.

बांधकामाचे नियम म्हणजे २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेली एकत्रिकृत नियमावली, बोलीभाषेत यूडीसीपीआर. ती सलग वाचायची नसते. समोर एक खरा भूखंड ठेवायचा आणि त्यापुरती कलमं शोधायची.

सर्वेक्षण: इथे घाई करू नका

माझी पहिली नोकरी एका खासगी सल्लागार संस्थेत होती. पुण्यापासून काही तासांवरच्या एका छोट्या नगरपालिकेच्या आराखड्यासाठी आम्ही जमीन वापराचं सर्वेक्षण करत होतो. माझ्या वाट्याला आलेल्या शीटवर गावाच्या कडेला एक मोठी मोकळी जागा होती. मी गेले, बघितलं, दोन बाभळी आणि एक हातपंप. नकाशावर लिहिलं, ‘रिक्त’. पुढे प्रारूप आराखड्यात त्या जागेवर सांस्कृतिक भवनाचं आरक्षण पडलं. रिकामी आणि मोक्याची जागा, कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

हरकतींच्या सुनावणीला एक म्हातारी बाई आल्या. हातात कापडात गुंडाळलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या पावत्या. बाजारकराच्या. वर्षानुवर्षं दर रविवारी त्या जागेवर आठवडे बाजार भरत होता आणि त्या तिथे मिरची-मसाला विकत होत्या. नकाशावर ‘रिक्त’ लिहिणारी मीच आहे हे कळल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “बाई, तुम्ही मंगळवारी आला असणार.”

मी मंगळवारीच गेले होते.

सुनावणीमुळे ते आरक्षण बदललं आणि जागेवर बाजार दाखवला गेला. त्या पावत्या जपल्या नसत्या तर बदललं नसतं. ती चूक माझी होती, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडली नसती, कारण उपग्रहाचं छायाचित्रही बहुधा रविवारचं नव्हतं.

तेव्हापासून मी नव्यांना जे सांगते ते असं. कुठलीही जागा ‘रिक्त’ लिहिण्याआधी तिथे तीन वेळा जा: कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी, आणि बाजाराच्या किंवा सुट्टीच्या दिवशी. जमिनीवर वापराच्या खुणा बघा: चुलीची राख, खुंटे, क्रिकेटची पिच, दगडाला लावलेला शेंदूर. जवळच्या चहाच्या टपरीवर बसून विचारा की इथे काय काय होतं. तळमजल्याचा आणि वरच्या मजल्यांचा वापर वेगळा नोंदवा, कारण रविवार पेठेत खाली भांड्यांचं दुकान आणि वर चार कुटुंबं हे नेहमीचं आहे. नकाशात अशी इमारत फक्त निळी, म्हणजे व्यापारी, रंगवली की ती चार कुटुंबं आराखड्यातून नाहीशी होतात. निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक लाल, बागा-मैदानं हिरवी, हे रंग दोन दिवसांत पाठ होतात. एका रंगात मावत नाही ते नोंदवायला मात्र अनुभव लागतो.

आणि बायकांशी बोला. सर्वेक्षणाला दार उघडल्यावर घरातला पुरुष पुढे येतो, मालमत्तेबद्दल सांगतो. पाणी किती वाजता येतं, मुलींच्या शाळेच्या वाटेवर दिवे आहेत की नाहीत, रेशनचं दुकान किती लांब, हे आतून कळतं.

शनिवारची पायपीट

पुण्यात शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे अभ्यासक्रमातली निम्मी प्रकरणं पीएमपीच्या पासात बघून होतात. चार ठिकाणं सुचवते.

कसबा पेठेपासून मंडईपर्यंत पायी जा आणि बोळांची रुंदी पावलांनी मोजा. दुपारी बाराच्या उन्हातही कुठे सावली असते ते लिहून ठेवा.

पावसाळ्यात, सुरक्षित अंतरावरून, भिडे पूल बघा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो. मग नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर शोधा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, ती जागा या रेषांच्या संदर्भात कुठे येते ते स्वतः बघा. तसंच १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर विस्थापितांसाठी वसवलेल्या गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहतींत फिरा. पुनर्वसनासाठी आखलेली वस्ती साठ वर्षांत कशी बदलते, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

हडपसरला मगरपट्टा सिटीत जा. शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे ४०० एकर जमिनी एकत्र आणून ती उभी केली आणि विकासात स्वतःचा वाटा ठेवला. मग प्रवेशद्वारातून बाहेर या आणि रस्त्यापलीकडच्या वस्तीत तेवढाच वेळ घालवा. दोन्हीकडचे पदपथ मोजा.

चौथी तळजाईची टेकडी. वर उभं राहून उतारावर घरं कुठपर्यंत चढली आहेत ते बघा. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित झाली, तिच्या नुकसानभरपाईचा वाद पुष्कळ वर्षं चालला. टेकडीवर फिरायला येणाऱ्याला आणि तिथला सातबारा नावावर असलेल्याला, दोघांनाही प्रश्न विचारा.

नोकरी कुठे

सरकारी वाट पुण्यातूनच सुरू होते. राज्याच्या नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभागाचं संचालनालय पुण्यात, मध्यवर्ती इमारतीत आहे. नगर रचनाकार आणि सहायक नगर रचनाकार ही पदं एमपीएससीमार्फत भरतात, रचना सहायकांची भरती विभाग करतो. जाहिरात रोज निघत नाही, म्हणून फक्त तिच्या वाटेकडे डोळे लावून दोन-तीन वर्षं घालवू नका. खासगी कामाचा अनुभव घेत अभ्यास करा.

खासगी वाटेत आराखडे करणाऱ्या सल्लागार संस्था, जीआयएसच्या कंपन्या, वाहतूक सर्वेक्षणं करणारे, मोठ्या बांधकाम कंपन्यांचे नियोजन विभाग येतात. तिसरी वाट स्वयंसेवी संस्थांची. सार्वजनिक वाहतूक आणि पादचाऱ्यांसाठी काम करणारी ‘परिसर’, वस्त्यांचं मॅपिंग करून घरांसाठी काम करणारी ‘शेल्टर असोसिएट्स’ अशा संस्था पुण्यात आहेत. पहिली इंटर्नशिप अशा ठिकाणी करावी असं माझं आग्रहाचं मत आहे. नकाशात ‘झोपडपट्टी’ असा एकच डाग दिसतो. तिथे दारोदार मोजणी केलेली मुलं पुढे कुठल्याही खुर्चीत बसली तरी तो डाग तसा रंगवत नाहीत.

गरज किती आहे? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाला १२ हजारांहून अधिक नगररचनाकारांच्या पदांची गरज आहे, राज्यांमध्ये मंजूर पदं ४ हजारांपेक्षा कमी, आणि त्यांतलीही जवळपास निम्मी रिकामी. गरज आणि जाहिरात यांत अंतर आहे, ते लक्षात ठेवून आर्थिक तयारी करा.

इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही १९५१ पासूनची व्यावसायिक संस्था. पदवीनंतर तिचं सदस्यत्व घ्या, निविदा आणि जाहिरातींत ते विचारतात. आर्किटेक्टांना १९७२ च्या कायद्यानं वैधानिक परिषद मिळाली, तशी नगररचनाकारांना नाही. ती असावी अशी शिफारस नीती आयोगाच्या त्याच अहवालात आहे.

एक सावधगिरी

आराखडा प्रसिद्ध होण्याआधी कोणता रस्ता कुठून जाणार हे तुम्हाला ठाऊक असेल. मग चुलत्यांचे मित्र, शाळेतला वर्गमित्र, गावचे पुढारी प्रेमानं चहाला बोलावतील. पहिल्याच वेळी “मला यावर बोलता येत नाही” असं स्वच्छ सांगा. एकदा ‘फक्त दिशा’ सांगितली की पुढच्या वेळी गट नंबर विचारतात. वरिष्ठ तोंडी रेषा हलवायला सांगत असतील तर लेखी टिपणी मागा, आणि आपलं वेगळं मत असेल तर तेही फाइलवर लिहा.

या महिन्यात करायचं काम

शिकायला सुरुवात करण्याआधी, अगदी बारावीत असलात तरी, एवढं करून बघा. महापालिकेच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचं विकास आराखड्याचं शीट काढा. घराभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमधली सगळी आरक्षणं शोधा: मैदान, दवाखाना, शाळा, भाजी मंडई. मग वही घेऊन प्रत्येक जागी जा आणि तिथे आज काय आहे ते लिहा. दुसरं म्हणजे, महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना मागवते. त्याचा अर्ज जवळच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा आणि तुमच्या फेरीत सापडलेलं एक काम त्यात लिहून द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आणि ती पावती जपून ठेवा.